कोल्हा, गाय आणि बारा हजार अक्षरं

रेबीज आहे की नाही हे सांगणं आणि तो आला कुठून हे सांगणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम आमच्या प्रयोगशाळेत एका दुपारात उरकतं. दुसऱ्याला महिने लागतात, आणि एवढं करून जे उत्तर हाती येतं ते ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना पटत नाही. मी पशुवैद्यक, पदव्युत्तर शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रातलं. हे दुसरं काम मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पहिल्यांदा केलं ते तळकोकणातल्या एका कोल्ह्यामुळे आणि एका गायीमुळे. गाव सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीला लागून. नाव देत नाही, कारण गावाला त्याचा उपयोग नाही आणि त्रास मात्र होईल.

कोल्ह्याचं डोकं आमच्याकडे आधी आलं. भरदिवसा वाडीत शिरून समोर येईल त्याच्यावर धावून जात होता, लोकांनी काठ्यांनी मारला, वनखात्याने पंचनामा केला. कोल्हा वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा प्राणी, त्यामुळे त्याच्या मेंदूचा चमचाभर तुकडा हवा असला तरी परवानगीचे कागद आधी आणि हातमोजे नंतर. तिथले पशुधन विकास अधिकारी जागरूक निघाले. त्यांनी डोकं जाड पिशवीत, पिशवी बर्फात आणि बर्फ थर्मोकोलच्या खोक्यात घालून रात्रीच्या गाडीने पाठवलं. असा नमुना आला की आम्हाला सणासारखं वाटतं. एरवी अर्धे नमुने फॉर्मलिनमध्ये बुडवून येतात. पाठवणाऱ्याने काळजीपोटीच केलेलं असतं, पण फॉर्मलिनमध्ये मेंदू कडक होतो, नेहमीची चाचणी त्याच्यावर लागत नाही आणि विषाणूच्या आरएनएचे तुकडे तुकडे होऊन बसतात. त्यापेक्षा ग्लिसरीनमध्ये पाठवा, तेही नसेल तर नुसत्या बर्फात पाठवा, पण फॉर्मलिन नको.

काठीच्या घावांनी कवटी पुढून फुटली होती. तरी चाललं, कारण रेबीजसाठी आम्हाला मेंदूचा मागचा भाग लागतो : मस्तिष्कस्तंभ आणि लहान मेंदू. तो काढायला करवतीने कवटी उघडायची गरज नसते. मानेकडून, जिथे पाठीचा कणा कवटीत शिरतो, तिथे एक मोठं छिद्र असतं. त्यातून शहाळ्याला वापरतात तसली जाड प्लॅस्टिकची स्ट्रॉ घालायची आणि डोळ्याच्या खोबणीच्या रोखाने गोल फिरवत पुढे न्यायची. बाहेर काढून बोटांनी दाबली की मेंदूचा करडा-गुलाबी दांडा सरकत पेट्रीडिशमध्ये येतो. करवत चालवली तर हाडाचा भुगा आणि बारीक तुषार उडतात. स्ट्रॉने ते टळतं. हे काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना लस आधीच दिलेली असते आणि रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी मिलिलीटरला ०.५ आययूच्या (आंतरराष्ट्रीय एककाच्या) वर आहे ना, हे अधूनमधून तपासलं जातं. तरीसुद्धा स्ट्रॉ दाबताना मी श्वास रोखते. सवय जात नाही.

निदानाची पद्धत जुनी आणि भरवशाची. मेंदूचा ठसा काचपट्टीवर घ्यायचा, उणे २० अंशांच्या अ‍ॅसिटोनमध्ये ठेवायचा, चमकणारा रंग जोडलेल्या अँटिबॉडीचा थेंब टाकायचा, धुवायचं आणि अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसंट सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. रेबीज असेल तर काळ्या-तांबूस पार्श्वभूमीवर कच्च्या सफरचंदाच्या रंगाचे हिरवे ठिपके लुकलुकतात, काही धुळीसारखे बारीक, काही टपोरे. कोल्ह्याच्या पट्टीवर ते इतके होते की दुसरं क्षेत्र बघायची गरजच पडली नाही. अहवाल गेला, उरलेला मेंदू उणे ८० च्या फ्रीजरमध्ये गेला आणि आमच्यापुरतं प्रकरण मिटलं.

गणपती विसर्जनानंतर त्याच वाडीतून परत फोन. या वेळी गाय. दाव्याला बांधलेली, सारखी हंबरत होती, आवाज घोगरा झालेला. पेंढा तोंडात घेई, चावत राही, पण गिळता येत नव्हतं. तोंडातून लाळेच्या तारा. मालकाला वाटलं, घशात कोय अडकली असणार. त्याने कोपरापर्यंत हात घालून चाचपून पाहिलं. मग शेजाऱ्यानेही पाहिलं. गुरांच्या रेबीजमधला खरा धोका हाच. गाय सहसा चावत नाही, आपणच तिच्या तोंडात हात घालतो, आणि गुरं सांभाळणाऱ्याच्या हातावर कुठे ना कुठे ओरखडा असतोच. अधिकाऱ्यांनी गाय बघितल्याबरोबर पहिल्यांदा त्या दोघांना ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शनं घ्यायला पाठवलं आणि मग आम्हाला फोन केला. हा क्रम मला फार आवडला.

गाय मेली, नमुना आला, हिरवे ठिपके दिसले. आता प्रश्न उभा राहिला. वाडीचं म्हणणं सरळ होतं : कोल्ह्याने गायीला चावलं, कोल्ह्याने रोग आणला, आता रानातले कोल्हे मारा. वनखात्याला ते मान्य होणं शक्य नव्हतं. त्यात गोव्याचा मुद्दा निघाला. गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांच्या लसीकरणाची मोठी मोहीम चालली. वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचली गेली, आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथल्या कुत्र्यांमधल्या रेबीजची महिन्याची रुग्णसंख्या ९२ टक्क्यांनी खाली आली. अशा ठिकाणी हद्दीजवळ एक जरी जनावर सापडलं, तरी ते आतलं की बाहेरून आलेलं, याला महत्त्व येतं. त्यामुळे एका बैठकीत विचारणा झाली, ‘कोविडच्या वेळी केलं तसं सिक्वेन्सिंग करून सांगता येईल का, कुठून आलं ते?’ आमच्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. काम माझ्या गळ्यात पडलं.

सिक्वेन्सिंग म्हणजे काय वाचायचं, ते थोडक्यात सांगते. रेबीजच्या विषाणूत आरएनएचा एकच धागा असतो, सुमारे १२ हजार अक्षरांचा, म्हणजे ओळीने गुंफलेल्या रासायनिक घटकांचा, आणि त्यात फक्त पाच जनुकं. एका जनावरातून दुसऱ्यात जाताना विषाणू स्वतःच्या नकला काढतो, आणि नकलेत अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. चूक पुढच्या नकलांत तशीच उतरते. जुन्या पोथ्यांचे पाठभेद लावून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली हे अभ्यासक ठरवतात, अगदी तसंच इथे करायचं. अडचण एवढीच की हा नकलनवीस फार सावध आहे. सगळ्या १२ हजार अक्षरांत मिळून वर्षाला जेमतेम दोन-तीन बदल होतात. एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे रोग जायला सरासरी तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे वर्षभरात संसर्गाच्या डझनभर पायऱ्या होतात आणि अक्षरं बदलतात दोन किंवा तीन. मधल्या बहुतेक पायऱ्यांवर आई आणि लेक हुबेहूब सारख्या दिसतात. आईकडून लेक की लेकीकडून आई, हे धाग्यावरून कळत नाही. बैठकीत हे मी सांगून पाहिलं होतं. ‘बरं बरं, पण सांगता येईल ना?’ असं उत्तर आलं.

सुरुवात नेहमीच्या मार्गाने केली. मेंदूचा मसुराएवढा तुकडा ट्रायझॉलमध्ये घोटायचा, त्यात विषाणू मरतो आणि आरएनए मोकळा होतो. त्याचा डीएनए करून घ्यायचा, पीसीआर लावायचं, जेलवर पट्टी उमटली की तो नमुना सिक्वेन्सिंगसाठी बाहेर पाठवायचा. यात एन नावाचं जनुक वाचतात, १,३५३ अक्षरांचं. जगभर रेबीजचे नमुने बहुधा याच जनुकावरून ताडून बघितलेले असल्यामुळे तुलनेला भरपूर सामग्री मिळते. संगणकावर लाल, हिरव्या, निळ्या, काळ्या शिखरांचे आलेख आले. ते डोळ्यांखालून घालणं हे डोळे फोडणारं काम आहे. दोन शिखरं एकावर एक चढलेली दिसली की ते खरंच वेगळं अक्षर की यंत्राची गफलत, हे उलट बाजूचा आलेख उघडून ठरवावं लागतं. जिथे दोन-तीन अक्षरांवर सगळा निवाडा असतो, तिथे एक अक्षर चुकीचं वाचलं तर आपण एक नसलेला बदल जन्माला घालतो.

निकाल आला तो असा : गाय आणि कोल्हा यांची १,३५३ अक्षरं तंतोतंत सारखी. त्याच मोसमातले आसपासच्या तालुक्यांतले कुत्र्यांचे नमुने फ्रीजरमध्ये होते, तेही लावले. त्यांतले बरेचसेही तंतोतंत सारखे. जागतिक वंशवृक्षावर सगळे आर्क्टिक-लाइक म्हणतात त्या फांदीवर जाऊन बसले. भारतात कुत्र्यांमध्ये हीच फांदी सर्वाधिक आढळते. नावात आर्क्टिक असलं तरी तिचा बर्फाशी आज काही संबंध नाही. उत्तर ध्रुवाकडच्या कोल्ह्यांमधल्या विषाणूशी दूरचं नातं आहे म्हणून नाव तेवढं पडलं. वाडीत मी हा शब्द उच्चारला नाही हे बरं केलं, नाहीतर ‘बघा, कोल्ह्याचोच!’ म्हणून गोष्ट तिथेच संपली असती.

एका जनुकाने भागणार नाही हे उघड होतं. एवढ्या लहान तुकड्यात एक बदल व्हायलाच तीन-चार वर्षं लागतात. पूर्ण धागा वाचायला हवा होता. त्यासाठी मिनआयन नावाचं यंत्र वापरलं. ते यंत्र म्हणावं की नाही असा प्रश्न पडतो, स्टेपलरपेक्षा मोठं नाही आणि लॅपटॉपच्या यूएसबीला जोडायचं. आतल्या पातळ पडद्याला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून डीएनएचा धागा सरकतो आणि विजेच्या प्रवाहात होणाऱ्या चढउतारांवरून अक्षरं ओळखली जातात. विषाणूचा धागा आधी एकावर एक सरकलेल्या तुकड्यांत वाढवून घ्यायचा आणि प्रत्येक नमुन्याला वेगळी खूण जोडायची, म्हणजे सगळे एकत्र टाकून नंतर वेगळे करता येतात. वाचायला सांगाल तर काही तास लागतात. वेळ गेला तो वेगळ्याच गोष्टीत. रसायनं शीतपेटीतून वेळेत येणं, कस्टममध्ये खोकं अडकणं, पावसाळ्यात वीज जाणं आणि जनरेटर सुरू होईपर्यंत सगळ्यांनी फ्रीजरकडे बघत उभं राहणं. यावर लिहायला गेले तर दुसरा लेख होईल.

दरम्यान मी वाडीत जाऊन आले. सरांचा आग्रह होता आणि तो योग्य होता. प्रयोगशाळेतल्या कागदावर कोल्ह्याच्या नमुन्यापुढे तालुका आणि तारीख एवढंच होतं. प्रत्यक्षात गायीच्या मालकाची आई खळ्यात बसून सगळा इतिहास सांगायला तयार होती. कोल्हा कोणत्या बाजूने आला, आधी कोंबड्यांच्या खुराड्याकडे गेला, मग गोठ्यात शिरला, गायीच्या नाकाडाला धरलं. तारीख तिला ठाऊक नव्हती, पण नागपंचमीच्या दोन दिवस आधी हे पक्कं ठाऊक होतं. मी उठता उठता सहज विचारलं, त्याआधी कुठलं कुत्रं-मांजर मेलं होतं का? ती म्हणाली, ‘खालच्या वाडीतलो काळो कुत्रो पिसाळल्लो मां, आषाढी झाली आनि मगे. व्हाळाकडे मरान पडलो. कोणाक चावूक नाय, मगे सांगूचा कित्याक?’

कोणाला चावला नाही म्हणून सांगितलं नाही. कुत्रा व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, मेला आणि तिथेच पुरला. आषाढीनंतर कुत्रा, नागपंचमीला कोल्हा, विसर्जनानंतर गाय. दोहोंमध्ये साधारण तीन ते सहा आठवडे. या रोगाला सहसा एवढं अंतर लागतं. त्या कुत्र्याचा नमुना आता मिळणं शक्य नव्हतं, पण खालच्या वाडीच्या पलीकडच्या गावातल्या एका कुत्र्याचा, त्याच पंधरवड्यातला, आमच्या फ्रीजरमध्ये होता. तो मी यादीत सर्वांत वर घेतला.

पूर्ण धागे हाती आले तेव्हा गाय आणि कोल्हा यांच्यात एकाही अक्षराचा फरक नव्हता. पलीकडच्या गावातल्या कुत्र्यात आणि त्यांच्यात एका अक्षराचा फरक. बाजारपेठेच्या गावातले कुत्रे आणखी थोडे लांब, पण त्याच डहाळीवर. एवढ्यावरून मी फक्त इतकं म्हणू शकत होते की या सगळ्यांचा विषाणू एकाच चालू साखळीतला आहे. कोल्ह्यांची स्वतःची वेगळी साखळी रानात चालू नाही, हे सांगायला एक कोल्हा पुरत नाही. म्हणून आधीच्या वर्षांतले, वेगवेगळ्या भागांतून आलेले कोल्ह्यांचे जे मोजके नमुने शिल्लक होते तेही वाचून काढले. माझ्या लेखी सगळ्या कामाचा गाभा हा होता. कोल्ह्यांचा विषाणू कोल्ह्यांतच फिरत असता, तर वंशवृक्षावर हे कोल्हे एकमेकांशेजारी एका फांदीवर बसले असते, मग ते कुठल्याही तालुक्यातले का असेनात. तसं झालं नाही. प्रत्येक कोल्हा आपापल्या भागातल्या कुत्र्यांच्या घोळक्यात बसला. कोल्ह्याशेजारी कोल्हा कुठेच आला नाही.

हे काही जगावेगळं नव्हे. टांझानियातल्या सेरेंगेटीत हाच प्रश्न फार मोठ्या पसाऱ्यावर विचारला गेला. तिथे कोल्हे, तरस, रानमांजरं, रानटी कुत्रे, सगळ्यांत रेबीज सापडतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जनुकीय तुलना आणि गावोगावच्या नोंदी एकत्र लावल्या, तेव्हा रोग टिकून राहतो तो पाळीव कुत्र्यांमुळे, हेच निघालं. पण सगळीकडे उत्तर एकच नसतं, म्हणून तर वाचून बघायचं. नामिबियात कुडू नावाच्या हरणांमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून रेबीजच्या मोठ्या साथी आल्या, आणि त्यांच्या विषाणूचं क्रमवाचन केल्यावर तो कुडूंमध्येच आपापसांत फिरत असल्याचं दिसलं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफजवळ २००१ साली स्कंक नावाच्या, दुर्गंधी फवारणाऱ्या छोट्या प्राण्यांमध्ये वटवाघळांचा विषाणू सापडला, आणि तो त्यांच्यात पसरतही होता. नुसतं सूक्ष्मदर्शकाखाली बघून यातलं काही कळलं नसतं. हिरवे ठिपके सगळ्यांचे सारखेच.

व्यवहारात फरक केवढा पडतो बघा. कोल्ह्यांची स्वतःची साखळी असती, तर कुत्र्यांना कितीही लस टोचून रानातला रोग संपला नसता. मग स्वित्झर्लंडने १९७८ मध्ये केलं तसं करावं लागलं असतं. तिथे त्यांनी कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून ती कोल्ह्यांसाठी रानात टाकली होती. पुढे युरोपातल्या बऱ्याच देशांनी याच वाटेने, विमानातून आमिषं टाकून, कोल्ह्यांमधला रेबीज हटवला. आपल्याकडे त्याची गरज दिसत नाही. आधी कुत्र्यांपैकी ७० टक्क्यांना दरवर्षी लस द्या, आणि मग कोल्ह्यांत रोग उरतो का ते पाहा. कोल्हे मारण्याचा तर काहीच उपयोग नाही.

अहवाल लिहिताना खरी ओढाताण झाली ती हद्दीच्या प्रश्नावरून. पलीकडून आलं की अलीकडचंच? मला वाक्य हवं तसं वळवता आलं असतं. एका बाजूचे नमुने भरपूर आणि दुसऱ्या बाजूचे विरळ असले, की जिथले नमुने जास्त तिथूनच रोग निघाला असं वृक्षावर दिसू लागतं. ज्या तालुक्यातून वर्षभर एकही डोकं आलं नाही, तिथे रेबीज नाही असं नसतं. तिथे बर्फ नसतो, किंवा कोणाला चावला नाही म्हणून कुत्रा गुपचूप पुरलेला असतो. म्हणून मी एवढंच लिहिलं की साखळी स्थानिक कुत्र्यांमधली आहे, आणि हद्दीबद्दल या नमुन्यांवरून विधान करता येत नाही. एका अधिकाऱ्यांनी अहवाल बाजूला ठेवत विचारलं, ‘एवढ्या खर्चात मग कळलं काय?’ मी म्हटलं, लस कोणाला द्यायची ते कळलं. त्यांना ते आधीच माहीत होतं असं त्यांचं म्हणणं पडलं. असेलही. मग आजवर दिली का नाही, हे मी विचारलं नाही.

वाडीत लसीकरण मात्र झालं. दोन्ही वाड्यांतले आणि पलीकडच्या गावातले कुत्रे धरायला जाळ्या घेऊन तरुण पोरं आली होती, टोचलेल्याच्या कपाळावर रंगाची खूण करत होती. हात घालणाऱ्या दोघांचे डोस पुरे झाले होते आणि दोघेही ठणठणीत होते. म्हातारीला मी सगळं समजावून सांगितलं, कोल्ह्याला कुत्र्याकडून आलं असणार, कोल्ह्याकडून गायीला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘तुमचा मशीन कायव सांगांदेत, माजी गाय कोल्ह्यानच खाल्ल्यान.’ तिचं काही चूक नाही. गायीला चावला तो कोल्हाच होता.

सध्या माझ्या टेबलावर एक मुंगूस आहे, म्हणजे त्याचा मेंदू. एका बागेत माळ्याच्या पायाला चावलं आणि मेलं. पट्टीवर हिरवे ठिपके आहेत. ते कुत्र्याचंच निघेल असं सगळे गृहीत धरून आहेत, मीही आतून तसंच समजते आहे. पण मुंगसाचा इतिहास जरा वेगळा. दक्षिण आफ्रिकेत मुंगसांचा स्वतःचा विषाणू आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला आपल्याकडची मुंगसं कॅरिबियन बेटांवर नेऊन सोडली, आणि प्वेर्तो रिको, ग्रेनाडासारख्या बेटांवर आज रेबीज त्याच मुंगसांमध्ये टिकून आहे. तेव्हा हाही नमुना पूर्ण वाचायचा ठरवला आहे. रसायनांचं खोकं अजून कस्टममध्येच आहे.